काकाजींचा न तुटणारा जॉइंट

काकाजींचा उजवा गुडघा कामातून गेला, तेव्हा सावंगीच्या डॉक्टरांनी तो बदलून घ्यायला सांगितलं. पिपरीतल्या आमच्या गल्लीत गुडघा बदललेली पाच-सहा माणसं सहज निघतील. त्यांनी डॉक्टरांना विचारलं असेल ते एवढंच, की पुढं मांडी घालून बसता येईल का. काकाजींनी डॉक्टरांकडे नव्या गुडघ्याचं ड्रॉइंग मागितलं.

डॉक्टर तरुण होते आणि सज्जन होते. त्यांनी एक रंगीत पत्रक काढून दिलं. काकाजींनी ते आडवं-उभं करून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे सारं ठीक हाय साहेब. पण ह्याच्यात पयले काय तुटन?" डॉक्टर हसून म्हणाले की काहीच तुटत नाही, निर्धास्त राहा. काकाजी उठले, पत्रक परत केलं आणि लंगडत रिक्षात येऊन बसले. काय तुटेल हेच ज्याला माहीत नाही त्याच्या हातात पाय कशाला द्यायचा, असं त्यांनी घरी येऊन काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, मग राहा लंगडत. त्या सल्ल्यानुसार काकाजी आठ महिने लंगडले.

पुढं त्याच दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर भेटले. त्यांनाही तोच प्रश्न. त्यांनी थोडा विचार केला आणि केसपेपरच्या पाठीमागे पेनानं चित्र काढलं: वर धातू, खाली धातू, मध्ये प्लास्टिकची चकती. झिजली तर आधी चकती झिजेल, आणि वेळ पडली तर बहुतेक तेवढीच बदलता येईल. काकाजींनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि उद्या जागा आहे का, असं विचारलं.

गावात ही गोष्ट म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून सांगतात. मीही सांगतो, आणि सांगताना हसतो. पण हा प्रश्न काकाजी जन्मापासून विचारत नव्हते. मी त्यांच्याकडे कामाला होतो त्या काळात काहीही तुटणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. मधल्या काळात काय झालं ते पाहणारे आम्ही तीनच जण होतो, आणि त्यातले दोघे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. त्या दोघांतला एक मी.

काकाजींच्या घरचं वर्ध्यात कापडाचं दुकान. तिघं भाऊ गादीवर बसले आणि हे एकटे वर्कशॉप घालून पिपरीला आले. खाली वर्कशॉप, वर घर. वर्कशॉपात बनायचे ते जॉइंट. गाडीत जिथं एक भाग फिरतो, दुसरा हलतो आणि तरी दोघांना एकमेकांना सोडून चालत नाही, तिथं जो जोड लागतो तो. ट्रॉलीचा, रिक्षाचा, आणि सगळ्यात जास्त ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचा. ट्रॅक्टरचं इंजिन हा शाफ्ट फिरवतं आणि शाफ्ट मागचं रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं पात्यांचं औजार, फिरवतो. रोटाव्हेटर ढेकळांवर उड्या मारत चालतं, म्हणून शाफ्टला फिरता फिरता वाकावंही लागतं. हे वाकणं ज्याच्या जिवावर चालतं तो जॉइंट. बाजारातला जॉइंट एक-दोन हंगामांत खडखडायला लागतो. काकाजींनी त्यात जुन्या टायरच्या रबराचे थर घालून, दाबून, उकडून एक नवाच प्रकार केला होता. तो मुकाट्यानं फिरायचा आणि हवा तसा वाकायचा.

मी डिप्लोमा होऊन त्यांच्याकडे ड्रॉइंग करायला लागलो. म्हणजे कॉम्प्युटरवर मी काढायचो. काकाजी स्वतः काढायचे ते शर्टाच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्यांवर. भावांच्या दुकानातून त्यांनी आयुष्यात दुसरं काही घेतलं नाही, पण पुठ्ठे मात्र पोतं भरून आणायचे. भाऊ म्हणायचे, आमच्या घराण्यात एक पुठ्ठेवाला निघाला. पाहुण्यांसमोर, लग्नात, मयतीत म्हणायचे. काकाजी ऐकून घ्यायचे. पण एकदा, तर्री पोहे खाताना, ते मला म्हणाले होते की आपला जॉइंट कोण्या कंपनीनं एकदा जरी घेतला ना, तर मी त्या दुकानात जाईन आणि गादीवर चांगला तासभर बसेन. ते विनोदानं बोलले नव्हते. समोरचे पोहे गार झाले होते.

ते कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून पाहायचे. रिक्षात बसण्याआधी रस्त्यावर आडवं होऊन तिच्या पोटाखाली बघायचे, आणि आतल्या सवाऱ्या घड्याळाकडे बघत बसायच्या. हात मिळवला की सोडायचे नाहीत, मनगट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून बघायचे. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांचा हात त्यांनी असाच वळवला आणि सांगितलं की तुमचं डावीकडं कमी वळतं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, आंजीचे मोठे शेतकरी. भर मांडवात व्याह्यांसमोर आपलं मनगट कमी निघालं, हे त्यांना आवडलं नाही.

आणि ती भिंत. काकाजींच्या बैठकीत देवाच्या फोटोंना जागा नव्हती, कारण समोरची सबंध भिंत तुटलेल्या जॉइंटांनी भरलेली होती. चिरलेले क्रॉस, फाटलेलं रबर, वाकलेले फोर्क, सगळे खिळ्यांना तारेनं टांगलेले. प्रत्येकाखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी. वरच्या ओळीत गाव, खालच्या ओळीत चूक. 'सेलू रोड. चूक: माही.' 'देवळीचा ट्रॅक्टर. चूक: माही, रबर कमी शिजलं.' रस्त्याची चूक, ड्रायव्हरची चूक, असं एकाही चिठ्ठीवर नव्हतं. रस्ता खराब राहणारच, तो पाहूनच जॉइंट बनवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. घरी आलेला पाहुणा चहा पिता पिता सबंध भिंतभर काकाजींच्या चुका वाचायचा. काकूंनी एकदा विचारलं होतं, आपलं लग्न कुठं टांगलं आहे ते दाखवा.

तर या माणसाला एका गोष्टीचा फार राग होता. ट्रॅक्टरच्या शाफ्टला एक साधा, मऊ लोखंडाचा बोल्ट असतो. रोटाव्हेटर दगडावर आदळलं की तो बोल्ट कापला जातो, शाफ्ट मोकळा फिरतो, आणि मागचा महागाचा गिअरबॉक्स वाचतो. मोठ्या शहाण्यानं केलेली सोय आहे. पण आमच्याकडे बोल्ट कापला गेला की शेतकरी भर उन्हात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून बोल्ट शोधणार. नसला की सळईचा तुकडा घालणार, खिळा घालणार, सायकलचा स्पोक घालणार. काकाजींनी हे शंभरदा पाहिलं होतं. त्यांना त्या उभ्या राहिलेल्या माणसाची दया आली आणि त्यांनी ठरवलं की आपल्या जॉइंटात हा बोल्टच नको. धक्का सगळा रबर खाईल. कधीच, काहीच तुटणार नाही. मी त्याचं ड्रॉइंग केलं आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तुटणारी वस्तू काढून टाकली म्हणजे वस्तू सुधारली, एवढीच आमची दोघांची अक्कल.

नागपूरकडच्या एका औजारांच्या कंपनीला हा जॉइंट पसंत पडला. त्यांची अट एकच: एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर दोन हंगाम चालवा, आमचा साहेब येऊन पाहील. न तुटता चालला तर घेतो. मी मामाजींचा ट्रॅक्टर मिळवला. काकाजींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "काम आलं तं राह्यजो माह्यासंगं. नाई आलं तं दुसरं पाह्यजो, तुले बांधून नाई ठेवत मी." त्या वेळी माझी मुलगी सहा महिन्यांची होती. तेव्हा तो जॉइंट तुटू नये म्हणून गल्लीतल्या मारुतीला सर्वांत जास्त प्रदक्षिणा कोणी घातल्या असतील, तर मी.

दोन्ही हंगाम तो मुकाट्यानं चालला. साहेब सोमवारी यायचे होते. आदल्या गुरुवारी दुपारी मी आंजीला शेतात होतो आणि मामाजी धुऱ्याकडच्या पट्ट्यात रोटाव्हेटर घेऊन वळले. एकदम असा आवाज झाला की बाभळीवरचे पक्षी उडाले. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. मी धावत गेलो. गिअरबॉक्सला हाताएवढी भेग पडून काळ्या मातीवर तेल वाहत होतं. आणि जॉइंट शाबूत. गरम झाला होता, पण ओरखडासुद्धा नाही.

मला झाला तो आनंद. आता सांगायला लाज वाटते, पण खरं ते असं, की वाहतं तेल बघत मी आनंदानं फोन लावला आणि काकाजींना सांगितलं, दगडावर आदळलं तरी आपला जॉइंट तुटला नाही. मग त्यांनी विचारलं,

"मंग काय तुटलं?"

तो प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला तो तेव्हा.

मामाजींचं लक्ष मात्र गिअरबॉक्सकडे नव्हतं. ते भराभरा कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या आणून त्या दगडावर टाकत होते. त्यांचा आणि शेजारच्या चुलत भावाचा धुऱ्यावरून जुना वाद. मोजणीच्या वेळी मामाजींनी सर्वांसमोर सांगितलं होतं की हद्दीचा जुना दगड नाल्याच्या पुरात वाहून गेला. तो दगड धुऱ्यापासून चार हात आत, मामाजींच्या मातीखाली, आडवा झोपलेला निघाला. पुरात इतका शिस्तीत वाहून गेलेला दगड मी दुसरा पाहिला नाही.

काकाजी स्कूटरवरून आले. मातीत बसले, गिअरबॉक्सच्या भेगेत बोट घातलं, बोटाचं तेल पाहिलं. जॉइंटकडे त्यांनी बघितलंही नाही.

"म्या तोडला हा," ते म्हणाले.

मी समजूत काढली की चाचणी जॉइंटची आहे, गिअरबॉक्सची नाही. मामाजीही, कधी नव्हे ते, माझ्या बाजूनं बोलले. गिअरबॉक्स जुनाच होता, आपोआप फुटला, इथं दगड-बिगड काही नाही, असं ते काड्यांच्या ढिगावर उभं राहून सांगत होते. काकाजी स्कूटर वळवून निघून गेले.

सोमवारी साहेब आले. वर्कशॉपात बसून त्यांनी छापील कागद काढला. त्यावर एकच प्रश्न महत्त्वाचा होता: जॉइंट तुटला का? होय, नाही. साहेबांनी जॉइंट फिरवून पाहिला, खूश झाले, स्वतःच 'नाही'वर खूण केली आणि कागद सहीसाठी पुढं केला. मामाजी मुद्दाम आंजीहून येऊन बसले होते, कारण त्यांना दगडाची काळजी.

काकाजींनी पेन घेतलं. खिशातून पट्टी काढून 'नाही'च्या खाली एक सरळ रेघ मारली, आणि तिच्याखाली लिहिलं: 'दगडावर आदळून गिअरबॉक्स फुटला. कारण जॉइंट तुटला नाई. चूक: माही.'

साहेब म्हणाले की हा रकाना आमच्या कागदात नाही. काकाजी म्हणाले, "नसन तं पाडून घ्या."

मामाजींनी हात जोडले. बाकी काय लिहायचं ते लिहा, पण 'दगड' एवढा शब्द खोडा, असं ते विनवू लागले. काकाजींना धुरे, मोजण्या यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी मामाजींकडे आश्चर्यानं पाहिलं आणि म्हणाले, "तुमी काऊन भेता? दगडाची काय चूक नाई त्याच्यात."

मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. साहेबांसमोरच. काकाजी, तुमच्या एका ओळीपायी माझं घर बसेल, असं म्हणालो. ते हळू आवाजात म्हणाले, "मले मालूम हाय बाबू. माहंबी बसन." आणि सही केली.

कंपनीनं दुसऱ्या कोणाचा तरी जॉइंट घेतला. 'दगड' हा शब्द साहेबांच्या ड्रायव्हरमार्फत की कसा, पण आंजीला पोचला, पुन्हा मोजणी झाली आणि मामाजींचा धुरा चार हात मागं सरकला. मामाजींनी काकाजींचं नाव टाकलं. मी दुसऱ्या महिन्यात एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो आणि दोन वर्षं त्या घराचा जिना चढलो नाही. भाऊ दुकानात म्हणाले, कंपनी चालून आली होती, पुठ्ठेवाल्यानं हाकलली. त्या गादीवर काकाजी कधीच बसले नाहीत.

निघण्याआधीचं त्यांच्याकडचं माझं शेवटचं काम म्हणजे मामाजींच्या ट्रॅक्टरवर नवा जॉइंट बसवणं. गिअरबॉक्स काकाजींनी स्वतः आणून घातला होता. नव्या जॉइंटात त्यांनी एक मऊ पिन ठेवली होती. धक्का बसला की आधी ती तुटेल, बाकी काही नाही. आणि शेतकऱ्याला उन्हात शोधत उभं राहावं लागू नये म्हणून जॉइंटवरच्या रबरी झाकणाला आतून एक खिसा शिवला होता, त्यात डझनभर पिना. संपल्या तर तुटलेली पिन आणून दाखवा आणि नवी घेऊन जा, असा निरोप त्यांनी माझ्याबरोबर दिला. मामाजींनी खिसा उघडून पाहिला. "फेकाची वस्तू देते, अन् दुनिया त्यायले इंजिनेर म्हणते," ते मला म्हणाले, आणि माझ्यादेखत पिन काढून वर्ध्याहून आणलेला टणक बोल्ट ठोकला. हे मी काकाजींना सांगितलं नाही. तेव्हा रागानं सांगितलं नाही, आणि नंतर दयेनं. दोन वर्षांनी एका दिवाळीला काकूंनी फराळाचं बोलावणं धाडलं तेव्हा पुन्हा जाणंयेणं सुरू झालं, पण हा विषय मी टाळायचो.

आता परवाची गोष्ट. काकाजींचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. मी आंजीला गेलो होतो. निघताना मामाजींनी बायकोच्या हाती न देता, स्वतः येऊन माझ्या हातात बिस्किटांचा एक डबा ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "जवाईबुवा, पिपरीले जासान तं त्यायले सांगजा, पिना संपल्या."

मी डबा उघडला. आत तुटलेल्या पिना. प्रत्येकीचे दोन्ही तुकडे दोऱ्यानं एकत्र बांधलेले. मी पाठ फिरवल्यावर टणक बोल्ट कधी काढला, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. इतकी वर्षं गिअरबॉक्स तोच आहे, एवढंच ते बोलले.

डबा घेऊन मी काकाजींकडे गेलो. ते भिंतीसमोर नवा पाय लांब करून बसले होते. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, आंजीहून आला आहे म्हणून सांगितलं. त्यांनी दोरे सोडले, भिंग मागितलं आणि एकेका तुकड्याचं तोंड उजेडाकडे धरून पाहायला लागले. एक, दोन, पाच, अकरा. अर्धा तास गेला. काकूंनी चहा आणला तो तसाच राहिला. बारा पिना त्यांनी एका ओळीत लावल्या आणि तेरावी बाजूला काढली.

"हे माही नाई," ते म्हणाले. "खिळा हाय, करवतीनं कापला. तुह्या सासऱ्यानं एक जास्तीची घ्यायले पाह्यली."

मला हसू आलं. काकाजी हसले नाहीत. त्यांनी नव्या तेरा पिना मोजून डब्यात घातल्या. मग मला म्हणाले, त्या बारा एका तारेत ओव. मी ओवल्या. त्यांनी भिंतीवर मधोमध जागा दाखवली, आणि मामाजींच्या खिळ्याचा टोकाकडचा तुकडा माझ्या हातात दिला, ठोकायला. मी ठोकला, पिना टांगल्या.

काकूंनी पुठ्ठा आणून दिला. काकाजींनी वरच्या ओळीत लिहिलं, 'आंजी.' खालच्या ओळीत लिहिलं, 'चूक:' आणि पेन थांबलं. त्यांनी सबंध भिंतीकडे एकदा पाहिलं. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. त्या दिवशी साहेबांसमोर मी जे बोललो होतो, ते मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"काय लिहू बाबू?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच चष्मा नीट केला, आणि त्या भिंतीवर पहिल्यांदाच लिहिलं, 'नाई.'